पत्ता चुकला की पॅकेज हरवतं: धर्मापुरीतल्या आठ संगणकांची गोष्ट



या आठवड्याचा व्हिडिओ नेहमीपेक्षा थोडा तांत्रिक आहे. विषय आहे लिनक्सचा पॅकेज मॅनेजर आणि त्याला द्यायचा रिपॉझिटरीचा पत्ता. घाबरू नका. कमांड तशाच्या तशा व्हिडिओत स्क्रीनवर आहेत. इथे त्या कशासाठी आहेत आणि कुठे फसतात तेवढं सांगतो. मार्ग मी इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना ते इंग्रजी लहान अक्षरांत करायचे.

आधी एक साधा प्रश्न. पार्सलवर नुसतं ‘धर्मापुरी’ लिहिलं तर ते जाईल कुठे? आपलं धर्मापुरी बीड जिल्ह्यातलं, केदारेश्वराच्या जुन्या मंदिराचं. दुसरं धर्मपुरी सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात. माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते ती तिथूनच. तिसरं तेलंगणात गोदावरीकाठी, नरसिंहाचं क्षेत्र. आणि तमिळनाडूत तर त्या नावाचा अख्खा जिल्हाच आहे. इंग्रजीत लिहिलं की सगळ्यांचं स्पेलिंग एकच. पोस्टमन निदान विचारपूस करेल, मोबाइल नंबर बघून फोन करेल. पॅकेज मॅनेजर विचारपूस करत नाही. दिलेल्या पत्त्यावर जातो, वस्तू नसेल तर ‘नाही’ म्हणतो आणि थांबतो.

ही गोष्ट मला धर्मापुरीतच, माझ्याच चुकीने शिकायला मिळाली.

एका तरुणाने तिथे कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलं. जुने आठ संगणक घेतले. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० सारख्या अटी आहेत, म्हणून असे चांगले चालणारे संगणक स्वस्तात मिळतात. त्यावर उबुंटू टाकायचं, लायसन्सचा खर्च शून्य, टायपिंग आणि ऑफिसचं काम शिकवायचं. हिशोब बरोबर होता. अडचण इंटरनेटची. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आठ संगणकांचं डाउनलोड करायचं म्हणजे दिवसच्या दिवस जाणार. एका संगणकाला दीड जीबी धरा, आठांचे बारा जीबी झाले. मग मी फुशारकीने म्हणालो, “काळजी करू नकोस. सगळी पॅकेजेस मी अंबाजोगाईतून पेन ड्राइव्हवर आणतो.”

आणली. शनिवारी दुपारी पहिल्या संगणकावर पेन ड्राइव्ह लावला, हाताने ‘/एमएनटी/पेन’ या ठिकाणी जोडला, एपीटीला सांगितलं की तुझी रिपॉझिटरी इथे आहे. एपीटी म्हणजे डेबियन आणि उबुंटूचा पॅकेज मॅनेजर. लिबरऑफिसचा मराठी चेहरा, लोहित देवनागरी फॉन्ट, क्लाव्हारो नावाचा टायपिंग शिकवणारा प्रोग्रॅम, सगळं दहा मिनिटांत बसलं. मी खूश. पत्त्याची ती एक ओळ उरलेल्या सात संगणकांवर कॉपी केली. तेवढ्यात लाइट गेली. म्हटलं, आता काय राहिलंय? उद्या तू नुसती इन्स्टॉलची कमांड दे. पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला आणि निघालो.

सोमवारी सकाळी आठला पहिली बॅच होती. साडेसातला फोन.

“सर, ती फाइल सापडत नाही म्हणायलंय.”

“पेन ड्राइव्ह लावलास का?”

“लावला की. फाइल तर समोर दिसायलीय. मग हे नाही कामून म्हणायलंय?”

फोनवर काही सुचेना. मी म्हणालो, सगळं फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी कर आणि पत्ता बदल. त्याने केलं. तरीही नाही. आठ वाजले, मुलं येऊन बसली, एका संगणकावर टायपिंग चालू आणि सातांवर नुसता निळा-जांभळा पडदा. मुलीला सोडायला आलेले एक गृहस्थ थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, “तुमचं सुरू झाल्यावर सांगा.” दुपारी त्यांनी फी परत मागितली. त्याने दिली. पहिल्या दिवसाची पहिली फी होती ती.

संध्याकाळी मी परत धर्मापुरीला गेलो.

बिघडलं कुठे होतं

एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या चुका झाल्या होत्या आणि दोन्ही पत्त्याच्या होत्या.

पहिली चूक माझी. मी पेन ड्राइव्ह हाताने ‘/एमएनटी/पेन’ ला जोडला होता. त्याने सोमवारी लावला तेव्हा उबुंटूने तो स्वतःच जोडला, ‘/मीडिया’ च्या आत, त्या संगणकावरच्या युजरच्या नावाच्या फोल्डरमध्ये, पेन ड्राइव्हच्या लेबलने. पेन ड्राइव्ह तोच, फाइल तीच, पण राहण्याचं ठिकाण वेगळं. एपीटी मात्र प्रामाणिकपणे ‘/एमएनटी/पेन’ ला गेलं. तिथे काहीच नव्हतं. खरं तर नियम नावातच आहे: लिनक्समध्ये ‘एमएनटी’ ही तात्पुरतं काहीतरी जोडायची जागा आणि ‘मीडिया’ ही काढता-घालता येणाऱ्या गोष्टींची. दोन्ही ठिकाणं धर्मशाळेसारखी. धर्मशाळेचा पत्ता दुकानाच्या पाटीवर लिहायचा नसतो, आणि मी तोच आठ संगणकांवर लिहून ठेवला.

दुसरी चूक जास्त फसवी. फोल्डर डेस्कटॉपवर आणलं, पत्ता अगदी अचूक लिहिला, तरी ‘सापडत नाही’. कारण एपीटी फाइल आणायचं काम तुमच्या नावाने किंवा मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने करत नाही. सुरक्षेसाठी त्याने ‘_एपीटी’ नावाचा एक वेगळा, कमी अधिकारांचा युजर ठेवलाय. आणि उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून प्रत्येकाच्या घरच्या फोल्डरचं दार परक्यांसाठी बंद केलंय. डेस्कटॉप घरच्या फोल्डरच्या आत असतो. म्हणजे तुम्हाला फाइल दिसते, कारण घर तुमचं आहे. ‘_एपीटी’ दाराबाहेर उभा आहे. त्याला आत येताच येत नाही, म्हणून तो म्हणतो नाही.

“फाइल समोर दिसायलीय” या वाक्यातली गोम हीच. दिसतेय कुणाला? तुम्हाला. काम करणारा दुसराच आहे.

दोन तुकडे जोडून एक पत्ता

आता जरा खोलात जाऊ, कारण पुढे तुमचा वेळ इथेच वाचणार आहे.

रिपॉझिटरी म्हणजे नुसता पॅकेजच्या फाइलींचा ढीग नाही. ढिगासोबत एक यादी लागते. तिचं नाव ‘पॅकेजेस’. किराणा दुकानात माल मागच्या गोदामात आणि वही गल्ल्यावर असते, तसं. वहीत प्रत्येक पॅकेजचं नाव, आवृत्ती, आकार, तपासणीचा आकडा आणि एक ओळ ‘फाइलनेम’ अशी असते. या ओळीत लिहिलेला मार्ग अर्धा असतो. तो रिपॉझिटरीच्या मुळापासून मोजायचा.

एपीटी काय करतं? तुम्ही ‘सोर्सेस’ मध्ये लिहिलेला पत्ता घेतं, त्याला वहीतला अर्धा मार्ग जोडतं आणि तिथे जातं. दोन्ही तुकडे बरोबर असतील तरच वस्तू मिळते. आपण नेहमी पहिला तुकडाच तपासत बसतो. पण दुसराही तितकाच फसवू शकतो.

कसा? यादी बनवायला ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ ही कमांड आहे. ती ‘डीपीकेजी-डेव्ह’ या पॅकेजमध्ये येते आणि फक्त यादी बनवणाऱ्या एका संगणकावर लागते. ती ज्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवाल, तिथून मार्ग मोजले जातात. रिपॉझिटरीच्या मुळाशी उभं राहून चालवली तर वहीत येतं ‘./अमुक’. एक पायरी वर उभं राहिलात तर ‘./पॅकेज/अमुक’ असं येतं. मग तुम्ही ती यादी आतल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवता, आणि एपीटी ‘पॅकेज’ च्या आत आणखी एक ‘पॅकेज’ शोधत बसतं. यादी ताजी होते, पॅकेजचं नावही दिसतं, आणि इन्स्टॉल म्हटलं की ‘फाइल सापडली नाही’. हे झालं की माणूस चक्रावतो. त्यामुळे माझा नियम: आधी रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये जा, मगच यादी बनवा. नवं पॅकेज टाकलं की यादी पुन्हा बनवा. जुन्या नावावर नवी फाइल ठेवली आणि यादी तीच राहिली, तर तपासणीचा आकडा जुळत नाही आणि एपीटी ती फाइल नाकारतं. नाकारायलाच हवं.

सोर्सेसमधल्या ओळीचं व्याकरणही ध्यानात ठेवा. ती जागा सोडून सोडून वाचली जाते: आधी ‘डेब’, मग कंसातले पर्याय, मग पत्ता, मग वितरणाचं नाव. आपल्या साध्या, सपाट रिपॉझिटरीत वितरणाच्या जागी फक्त ‘./’ येतं. शेवटचा स्लॅश हवाच. त्यावरूनच एपीटीला कळतं की ही सपाट रिपॉझिटरी आहे, पुढे ‘मेन’ वगैरे काही नाही. आणि ही ओळ जागेवरून तुकडे पाडते म्हणूनच फोल्डरच्या नावात जागा ठेवायची नाही. ‘क्लासचे पॅकेज’ असं नाव ठेवलंत की एपीटीच्या दृष्टीने पत्ता ‘क्लासचे’ वरच संपला.

लहान-मोठ्या अक्षरांचंही असंच. पेन ड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट पद्धतीचा असतो, तिथे मोठं ‘आर’ आणि लहान ‘आर’ यांत फरक पडत नाही. तेच फोल्डर लिनक्सच्या डिस्कवर आलं की ते दोन वेगळे पत्ते होतात. काही पॅकेजच्या नावात ‘%३ए’ असं विचित्र काहीतरी दिसेल. ते कोलनचं दुसरं रूप आहे, फॅटवर कोलन चालतही नाही. “हे घाण दिसतंय” म्हणून नाव सुधारायला जाऊ नका. यादीत तेच नाव आहे.

एक गंमत सांगतो. एपीटी आपल्याकडे उतरवलेल्या याद्या ‘/व्हीएआर/लिब/एपीटी/लिस्ट्स’ मध्ये ठेवतं. तिथे डोकावलात तर यादीच्या फाइलचं नाव म्हणजे चक्क तिचा पत्ता असतो, स्लॅशच्या जागी अंडरस्कोर घातलेला. म्हणजे एपीटीच्या लेखी रिपॉझिटरीची ओळखच तिचा पत्ता आहे. तुम्ही फोल्डर इकडून तिकडे हलवलंत तर तुमच्यासाठी ते तेच फोल्डर. त्याच्यासाठी ती नवी रिपॉझिटरी, ओळख नसलेली.

सीडीच्या जमान्यात हे वेगळं होतं. आमच्या वेळी पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची, ती महिनाभर जपून वापरायचो. एपीटी १९९९ साली डेबियन २.१ सोबत आलं. त्यात सीडीसाठी वेगळी सोय आहे: चकतीची ओळख पत्त्यावरून नाही तर तिच्या लेबलवरून ठेवतात, आणि हवी ती चकती नसेल तर “अमुक लेबलची डिस्क घाला” असं एपीटी स्वतः सांगतं. पेन ड्राइव्हच्या साध्या फोल्डरला हा मान नाही. त्याला नुसता पत्ता आहे.

मग आम्ही काय केलं

आठांपैकी सगळ्यात बऱ्या संगणकाला ‘पहिला’ म्हटलं. त्याच्या डिस्कवर ‘/एसआरव्ही/रिपो/जॅमी’ असं फोल्डर केलं. ‘एसआरव्ही’ ही जागा लिनक्समध्ये त्यासाठीच आहे: हा संगणक इतरांना जे पुरवतो ते इथे ठेवायचं. कुणाच्या घरात नाही, धर्मशाळेत नाही. ‘जॅमी’ हे उबुंटू २२.०४ चं टोपणनाव. आवृत्तीचं नाव मार्गातच घातलं, कारण उद्या एखादा संगणक २४.०४ चा आला तर त्याची पॅकेजेस ‘नोबल’ मध्ये जातील आणि दोन्हींची खिचडी होणार नाही. एका आवृत्तीची पॅकेजेस दुसरीवर ढकलणं हा जुगार आहे, गिऱ्हाइकाच्या मशीनवर तो खेळू नये.

पेन ड्राइव्हवरचं सगळं तिथे कॉपी केलं. वाचायची परवानगी सर्वांना दिली, फोल्डरमध्ये शिरायचीही. आत उभं राहून यादी बनवली. मग सोर्सेसमध्ये ‘फाइल:’ लावून तो पूर्ण, मुळापासूनचा मार्ग लिहिला. पूर्ण मार्ग म्हणजे स्लॅशपासून सुरू होणारा. ‘महाराष्ट्र, जिल्हा बीड, मुक्काम धर्मापुरी’ असा.

‘फाइल:’ ऐवजी ‘कॉपी:’ असाही एक प्रकार आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. ‘फाइल:’ मध्ये एपीटी पॅकेज जागच्या जागी वापरतं. ‘कॉपी:’ मध्ये आधी आपल्या कॅशमध्ये उचलून आणतं. पेन ड्राइव्हवरूनच काम करायची वेळ आली तर दुसरा प्रकार बरा. पत्ता मात्र त्यालाही बरोबरच लागतो.

उरलेल्या सात संगणकांना फोल्डर वाटत बसलो नाही. एका छोट्या स्विचने सगळे जोडलेले होतेच. पहिल्या संगणकावर त्या फोल्डरमध्ये पायथॉनचा साधा वेब सर्व्हर चालू केला, आणि सातांच्या सोर्सेसमध्ये ‘फाइल:’ काढून ‘एचटीटीपी’ चा पत्ता लिहिला: १९२.१६८.१.१०, पोर्ट ८०००, आणि पुढे तेच ‘./’. पाऊण तासात सातही संगणक तयार. डाउनलोड शून्य.

इथेही पत्त्याने एकदा हिसका दिलाच. दोन दिवसांनी राउटर बंद-चालू झाला आणि पहिल्या संगणकाला वेगळा आयपी मिळाला. सातही संगणक जुन्या दारावर टकटक करत बसले. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या संगणकाचा आयपी कायमचा राखून ठेवला, मग शांतता झाली. पायथॉनचा सर्व्हर टर्मिनल बंद केलं की बंद पडतो. रोजच्या वापराला अपाची किंवा एनजीनएक्स बसवा.

इंटरनेट थोडंफार बरं असेल तर यापेक्षाही सोपा मार्ग आहे. ‘एपीटी-कॅशर-एनजी’ नावाचं पॅकेज एका संगणकावर बसवा. इतर संगणक त्याच्यामार्फत डाउनलोड करतात, पोर्ट ३१४२ वरून. एका मशीनने पॅकेज आणलं की बाकीच्यांना ते तिथूनच मिळतं. यादी बनवायची कटकट नाही, अपडेटही येत राहतात. धर्मापुरीच्या क्लासमध्ये आता हेच चालू आहे, आणि ‘/एसआरव्ही’ मधलं फोल्डर अडीअडचणीला ठेवलंय.

पॅकेजेस गोळा करताना दोन गोष्टी सांभाळा. नुसती ‘एपीटी’ कमांड इन्स्टॉल झाल्यावर उतरवलेल्या फाइली पुसून टाकते. ‘एपीटी-गेट’ त्या ‘/व्हीएआर/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज’ मध्ये ठेवते, तिथे फक्त डाउनलोड करण्याचाही पर्याय आहे. दुसरं, तुमच्या संगणकावर जे आधीच आहे ते ती पुन्हा उतरवत नाही. माझ्या लॅपटॉपवर लिबरऑफिसचे निम्मे तुकडे आधीच होते. ते पेन ड्राइव्हवर आलेच नाहीत, आणि सोमवारी संध्याकाळी तीन पॅकेजेस शेवटी हॉटस्पॉटवरूनच घ्यावी लागली. गोळा करायचं तर कोऱ्या, तशाच आवृत्तीच्या मशीनवरून करा.

एकच सुटी फाइल बसवायची असेल तर रिपॉझिटरीचा हा सगळा व्याप नको. फोल्डरमध्ये जाऊन एपीटीला फाइलचं नाव द्या, पण आधी ‘./’ लावून. ते नसलं तर एपीटीला वाटतं तुम्ही पॅकेजचं नाव सांगताय, आणि ते आपल्या याद्यांत शोधून हात वर करतं.

फेडोरावाल्यांसाठी थोडक्यात. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात सीओईपीला फडकॉन भरली होती, तेव्हापासून आपल्याकडेही फेडोराचे बरेच चाहते आहेत. तिथे डीएनएफ असतं, पत्ते ‘/ईटीसी/यम.रिपोज.डी’ मध्ये, यादी बनवायला ‘क्रिएटरिपो-सी’. पत्ता ‘फाइल’, कोलन आणि तीन स्लॅश असा सुरू होतो. तिसरा स्लॅश बरेच जण खातात. तो मुळाचा स्लॅश आहे, पत्ता तिथूनच सुरू होतो. आणि पत्ता ‘रिपोडेटा’ या फोल्डरचा द्यायचा नाही, ते ज्याच्या आत आहे त्याचा द्यायचा. वहीचा नव्हे, दुकानाचा.

यात तुमचा धंदा कुठे

बरेच जण विचारतात, सर, सॉफ्टवेअर फुकट, मग पैसे कशाचे? पैसे मांडणीचे आणि सांभाळण्याचे. गावागावांत जुने संगणक पडून आहेत: वाचनालयात, पतसंस्थेच्या मागच्या खोलीत, झेरॉक्सच्या दुकानात. ते चालू करून द्यायचे, वर्षभर बघायचे, हे काम गावातल्याच माणसाने करण्यासारखं आहे. जीपीएल लायसन्समध्ये प्रत देण्याचे पैसे घ्यायला बंदी नाही. फक्त पॅकेजेस पेन ड्राइव्हवर भरून विकणार असाल तर त्यांचा सोर्स कोडही उपलब्ध करून देण्याची अट आहे, ती वाचून घ्या.

पण गिऱ्हाइकाला हो म्हणण्याआधी विचारा: बायोमेट्रिक यंत्र कोणतं? परीक्षेचं सॉफ्टवेअर कोणतं? ते विंडोजच मागत असेल तर तो एक संगणक तसाच राहू द्या. तिथे हट्ट करून लिनक्स टाकणारा माणूस दुसऱ्यांदा त्या दुकानात बोलावला जात नाही. जुना संगणक घेतानाही तो ६४ बिटचा आहे ना बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने जुन्या ३२ बिट संगणकांवर नव्याने बसवायची सोय बंद केली आहे.

विश्वासाचं एक कलम राहिलं. आपल्या घरगुती रिपॉझिटरीच्या ओळीत मी कंसात ‘ट्रस्टेड=येस’ लिहितो. त्याचा अर्थ, सही तपासू नकोस. आपल्याच चार भिंतींत, आपणच आणलेल्या पॅकेजेससाठी ठीक. दुसऱ्याने दिलेल्या पेन ड्राइव्हला हा शब्द लावायचा नाही, कारण इन्स्टॉल होताना पॅकेज मालकाच्या अधिकाराने चालतं. गिऱ्हाइकांकडे कायमची रिपॉझिटरी देणार असाल तर ‘ॲप्टली’ किंवा ‘रेप्रेप्रो’ शिकून घ्या, स्वतःची सही तयार करा, आणि तिची चावी ‘/ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज’ मध्ये ठेवून सोर्सेसमध्ये तिचा मार्ग लिहा. हो, तोही मार्गच. तोही पूर्ण लिहायचा.

शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत, मोफत आहेत, आणि त्यात सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरचाही धडा आहे. माझ्या व्हिडिओपेक्षा सावकाश आणि शिस्तीत शिकवलंय, हे मी स्वतः सांगतो.

आता गृहपाठ. एक संगणक पुरे. रिपॉझिटरी ‘/एसआरव्ही’ मध्ये मांडा, एक छोटं पॅकेज त्यातून बसवा. मग पेन ड्राइव्ह काढा, मशीन बंद करून चालू करा, दुसऱ्या युजरने लॉगिन करा आणि आणखी एक पॅकेज बसवून बघा. बसलं तरच ती ओळ दुसऱ्या संगणकावर न्या. मी शनिवारी नेमकी ही तपासणी केली नव्हती, लाइट गेल्याचं निमित्त मिळालं.

धर्मापुरीच्या त्या क्लासमध्ये पहिल्या संगणकाच्या डब्यावर आता पांढऱ्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. वर रिपॉझिटरीचा पूर्ण मार्ग, खाली आयपी, त्याखाली यादी शेवटची कधी बनवली ती तारीख. तारीख दर वेळी पेनाने खोडून नवी लिहितात. आणि फी परत घेतलेले गृहस्थ? दिवाळीनंतर मुलीला घेऊन परत आले. तिला तिसऱ्या संगणकावर बसवलं, क्लाव्हारो उघडून दिलं.